त्या वाड्यात दिवाळी नको, तिथल्या वह्या हव्यात

मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त यांस,

विषय: यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाची जागा

सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी मंडळाची यंदाची दिवाळी नदीकाठच्या जुन्या प्लँटेशनवर, म्हणजे एकेकाळी गुलाम राबवून चालवलेल्या बड्या शेतीच्या वाड्यावर, करायची असं आपण ठरवलंत. निमंत्रण सगळ्यांच्या फोनवर आलं आहे: पांढऱ्या खांबांचा राजेशाही वाडा, हिरवळीवर पैठणी आणि फेट्यांतले फोटो, जुन्या कोठारात जेवण, संध्याकाळी ढोल-ताशा. मी हरकत कळवली. समितीचं उत्तर आलं की बुकिंग झालं आहे, आगाऊ रक्कम भरली आहे, आणि 'ती जागा आता सगळ्यांना खुली आहे'. दोन ओळींत विषय मिटवला गेला. माझ्या घरात तो मिटत नाही, म्हणून हे पत्र कार्यकारिणीला लिहून सगळ्या सभासदांपुढे ठेवते आहे. वाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते माहीत आहे, आणि बाहेरच्या कोणी वाचलं तर त्यांनी आपल्या गावाजवळचा एखादा वाडा डोळ्यांपुढे आणावा. अमेरिकेच्या या व्हर्जिनिया राज्यात अशा वाड्यांची वाण नाही.

माझ्या नवऱ्याचे पूर्वज त्या वाड्यावर गुलाम होते. माझी मुलं आपल्याच मराठी शाळेत बाराखडी शिकली, गणपतीत लेझीम खेळली. ती त्या माणसांची सातवी पिढी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी हौसेनं येणाऱ्या माझ्या सासूबाईंना आपण सगळ्या ओळखता. त्यांच्या घरी 'आपली माणसं नदीकाठच्या मोठ्या घरची' एवढंच पिढ्यान् पिढ्या बोललं जायचं. ते मोठं घर म्हणजे हेच, हे आम्हाला कसं कळलं ते जरा सविस्तर सांगते. त्याशिवाय माझी मागणी नीट कळायची नाही.

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्र्यंबकेश्वरला गेलं की आमचे तीर्थोपाध्ये चोपडी काढतात आणि पणजोबा कधी, कोणाबरोबर, कशासाठी येऊन गेले ते वाचून दाखवतात. (त्यात बायकांची नावं शोधायला गेलं की काय होतं, आणि अशा चोपड्या सगळ्या जातींच्या वाट्याला आल्या का, हे प्रश्न आहेतच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) लग्न झाल्यावर मोठ्या उत्साहानं नवऱ्याकडची वंशावळ करायला बसले. आजेसासरे झाले, त्यांचे वडील झाले, आणि पुढे काही मिळेचना.

कारण असं की, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांची नावं अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा आली ती 1870 मध्ये. त्याआधी 1850 आणि 1860 ला गुलामांचे वेगळे तक्ते भरले गेले. त्यात वर मालकाचं नाव. खाली एकेका माणसासाठी एकेक ओळ: वय, लिंग, रंग. फरारी आहे का, मुक्त केलेला आहे का. मुका, बहिरा, आंधळा, वेडा आहे का. माणसाच्या नावाचा रकाना नाही. 1860 मध्ये देशात सुमारे 39 लाख 50 हजार माणसं गुलाम होती. त्यातली 4 लाख 90 हजार एकट्या व्हर्जिनियात, दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतकी नव्हती. ही जवळजवळ सगळी माणसं त्या तक्त्यांत बिननावाची आहेत. इथले कृष्णवर्णीय लोक वंशावळ शोधताना ज्या जागी अडतात तिला '1870 ची भिंत' म्हणतात.

1870 च्या यादीत नवऱ्याच्या पणजोबांची आई सापडली. वीस वर्षांची, शेतमजूर, लिहिता-वाचता येत नाही. नाव इथे देत नाही. सासूबाईंचं म्हणणं, जागेच्या भांडणात तिला ओढू नकोस. ती वाड्याच्या जवळपास राहत होती एवढं त्या यादीवरून दिसलं, पण जवळ राहणं हा काही पुरावा नव्हे. आडनावावरूनही मालक ठरवता येत नाही. सुटका झाल्यावर कोणी शेवटच्या मालकाचं आडनाव लावलं, कोणी आधीच्या मालकाचं, कोणी बापाचं, तर कोणी आपल्याला रुचलं ते.

वाट मिळाली ती 1866 च्या एका रजिस्टरात. गुलामांचं लग्न व्हर्जिनियाच्या कायद्याला मान्यच नव्हतं. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यावर फेब्रुवारी 1866 मध्ये विधिमंडळानं कायदा करून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नवरा-बायको मानलं, आणि सुटलेल्या गुलामांसाठी नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांनी काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नोंदी करून घेतल्या. नवऱ्याचं नाव, वय, जन्म कुठला, काम काय, शेवटचा मालक कोण. बायकोचंही तसंच. मुलांची नावं आणि वयं. आणि एकत्र राहायला लागल्याची तारीख. मोजक्याच काउंट्यांची ही रजिस्टरं टिकली, त्यात ही एक. त्यात आमचं कुटुंब होतं: आई, बाप, पाच मुलं, थोरली सोळा वर्षांची, म्हणजे 1870 च्या यादीतली तीच. शेवटच्या मालकाच्या रकान्यात आईपुढे त्या वाड्याच्या धन्याचं नाव आणि बापापुढे दुसऱ्याच एका शेतमालकाचं. म्हणजे दोन मालकांत वाटला गेलेला संसार. व्हर्जिनियात असे संसार सर्रास होते. बापानं शनिवारी रात्री धन्याची चिठ्ठी खिशात घेऊन चालत यायचं आणि सोमवारी उजाडायच्या आत कामावर हजर व्हायचं. एकत्र राहायला लागल्याची तारीख मात्र दोघांनी अधिकाऱ्याला महिन्यासकट सांगितलेली आहे. सासूबाई ती तारीख आता लग्नाचा वाढदिवस म्हणून पाळतात.

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली. व्हर्जिनियानं 1853 पासून जन्म-मृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. गुलाम मुलाच्या नोंदीत आईचं पहिलं नाव आणि मालकाचं पूर्ण नाव. त्यात त्या थोरलीच्या धाकट्या भावाचा जन्म मिळाला. आई तीच, मालक तोच. बापाचं नाव नाही. 1662 पासून व्हर्जिनियाचा कायदा होता की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूल गुलाम. त्यामुळे बाप कोण हे विचारण्याची कोणाला गरजच पडत नव्हती, आणि बाप स्वतः मालक असला तर विचारायची सोयही नव्हती.

मग काउंटी कोर्टातली मृत्युपत्रं. धन्याचा बाप वारला तेव्हा केलेली मालमत्तेची यादी आहे. बैल, नांगर, तंबाखू, दिवाणखान्यातलं उंच घड्याळ, आणि लगेच खालून माणसं, नावानिशी, प्रत्येकापुढे डॉलरमधली किंमत. जनगणनेत नसलेलं नाव इथे मिळालं, कारण इथे विकायची किंमत लिहायची होती. आमची ती आई आणि तिची तान्ही मुलगी यांची किंमत एकत्र लावलेली आहे. ती तान्ही म्हणजेच 1870 ची वीस वर्षांची मुलगी. मृत्युपत्रात दुसरी एक बाई धन्याच्या लेकीला दिली आहे, 'तिच्या पुढील संततीसह'. जन्माला न आलेली मुलंही वाटून झाली होती.

त्याच यादीत आईच्या खालोखाल दोन मुलगे आहेत, आठ आणि सहा वर्षांचे. तिचेच असावेत. 1866 च्या रजिस्टरात ते नाहीत, 1870 मध्ये नाहीत, कुठेच नाहीत. यादवी युद्धाआधीच्या काही दशकांत व्हर्जिनिया-मेरिलँडकडून खाली कापसाच्या आणि उसाच्या मुलखात दहा लाखांच्या घरात माणसं विकली, हलवली गेली. काही साखळदंडात पायी, काही जहाजानं न्यू ऑर्लिन्सला. आपण ज्या रिचमंडमध्ये जेवायला जातो तिथला शॉको बॉटम हा त्या बाजाराचा केंद्रभाग. हे दोघं तिथून गेले का, सांगता येत नाही. युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं जाहिराती येत होत्या, माझी आई अमुक गावच्या अमुक धन्याकडे होती, कोणाला ठाऊक असल्यास चर्चमध्ये वाचून दाखवावं, अशा. फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठानं त्या गोळा करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. आमच्या घरात अजूनही कोणी ना कोणी अधूनमधून रात्री त्या चाळत बसतं.

आणखी एक गोष्ट. नवऱ्यानं डीएनए चाचणी केली. त्यात दूरचे भाऊबंद म्हणून जी माणसं आली, त्यातली काही वाड्याच्या धन्याच्या घराण्यातली आहेत. आपल्या निमंत्रणात जिन्याचा जो देखणा फोटो आहे, त्यात मागच्या भिंतीवर दाढीवाल्या गृहस्थाचं तैलचित्र दिसतं. बहुधा ते माझ्या मुलांचे पूर्वज.

सरकारी कागद इथे संपतात. त्या आईची आई कोण, ती कुठून आली, दोन मुलगे कोणाला विकले, हे फक्त वाड्याच्या हिशेबवह्यांत असू शकतं. प्लँटेशनवर सगळ्याचा हिशेब असे. हिवाळ्याच्या तोंडाशी कोणाला घोंगडी दिली, कोणाला बूट. सुईणीला कोणाच्या बाळंतपणाचे पैसे दिले. डॉक्टर कोणासाठी आला. 1 जानेवारीला कोणाला वर्षभरासाठी कुठे भाड्यानं दिलं आणि भाडं किती ठरलं. कोण पळालं, कोण परत आणलं गेलं. घोंगड्यांच्या यादीत घराघरानं नावं असतात, त्यामुळे कोण कोणाचं ते कळतं. बऱ्याच घराण्यांचे असे कागद ग्रंथालयांत गेले आहेत. रिचमंडच्या व्हर्जिनिया म्युझियम ऑफ हिस्टरी अँड कल्चरनं आपल्या संग्रहातून गुलामांची नावं वेचून 2011 पासून ती सर्वांना उपलब्ध केली. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचंही तेच काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. फ्रीडमेन्स ब्यूरोच्या कागदांतली नावं हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या उतरवून काढली.

या वाड्याच्या वह्या मात्र वाड्याच्याच ट्रस्टकडे, वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत आहेत. आम्ही पाहायला मागितल्या तेव्हा कळवण्यात आलं की संग्रहाची मांडणी चालू आहे. पुन्हा मागितल्या, पुन्हा तेच. माझी थोरली मुलगी मराठी शाळेत जात होती तेव्हा मांडणी चालू होती, आता ती कॉलेजात आहे आणि मांडणी चालूच आहे. दरम्यान कोठाराचं वातानुकूलित सभागृह झालं, नवी प्रसाधनगृहं झाली, लग्नांसाठी गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघाली. या सगळ्याला पैसा लागतो, तो कार्यक्रमांच्या भाड्यातून येतो, आणि यंदा तो आपलं मंडळ देणार आहे.

माझ्या तक्रारी आता मांडते.

जागेचा निर्णय सभासदांना न विचारता झाला. एरवी फराळात करंज्या असाव्यात की अनारसे यावर आपल्याकडे मतदान होतं. ही जागा काय होती हे समितीला ठाऊक होतं, कारण निमंत्रणात वाडा कधी बांधला, पडदे कुठून आले, झुंबर कोणत्या देशातलं, सगळं आहे. वाडा कोणी बांधला, हे त्यात नाही. तिथली मार्गदर्शक सहलही तशीच आहे. चांदीची भांडी आणि पलंगाच्या छत्रीवर बराच वेळ, आणि गुलामांच्या राहत्या जागेसाठी मागच्या दारातून हात करून दाखवणं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक जुन्या इमारतींच्या विटांवर त्या ओल्या असताना उचलणाऱ्यांच्या बोटांचे ठसे राहिले आहेत. या वाड्याच्या तळघराकडच्या भिंतीतही आहेत, आणि ते लहान हातांचे आहेत. फोटो बूथ त्या भिंतीला लागून नेमला आहे.

दुसरी तक्रार पार्किंगची, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली. आपल्या नकाशातलं 'पार्किंग 2' वाड्यामागच्या झाडीला चिकटून आहे. त्या झाडीत दफनभूमी आहे. तिथे संगमरवरी शिळा शोधू नका. शेतातले उभे रोवलेले अनघड दगड, जमिनीला पडलेले लांबट खळगे, सगळे पूर्व-पश्चिम, आणि त्यावर पसरलेला व्हिंकाचा हिरवा वेल, आपल्या सदाफुलीच्या नात्यातला. जुन्या कबरींवर तो लावायची इथे पद्धत होती, आणि कबरी शोधणारे आधी तोच शोधतात. झाडीची हद्द आणि कबरींची हद्द एकच आहे का, हे कोणी मोजलेलं नाही. म्हणजे आपल्या गाड्या कशावर उभ्या राहणार हे कोणालाच माहीत नाही. व्हर्जिनियाच्या कायद्यानं खासगी जमिनीतल्या दफनभूमीत वंशजांना आणि वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यांना, रीतसर कळवून, जाऊ द्यावं लागतं. त्या कायद्याच्या आधारानं आम्ही जातो. अर्ज करतो, दिवस ठरतो, कोणीतरी सोबत येतं, वेळ संपली की निघतो. 'सगळ्यांना खुली' या जागेत माझ्या सासूबाई अशा जातात.

ग्रुपवर काहींनी लिहिलं की सगळेच तिथे लग्नं करतात, आपणच काय घोडं मारलं. सगळे करत होते, हे खरं. पण 2019 च्या डिसेंबरात फोटो आणि कल्पना जमवायची वेबसाइट पिंटरेस्ट आणि लग्नाच्या धंद्यातली मोठी कंपनी द नॉट यांनीसुद्धा प्लँटेशनवरच्या लग्नांची जाहिरातबाजी आवरती घ्यायचं ठरवलं, कलर ऑफ चेंज ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था मागे लागल्यावर. 2012 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या बून हॉल या प्लँटेशनवर लग्न केलेल्या हॉलिवूडच्या प्रसिद्ध जोडप्यापैकी रायन रेनॉल्ड्सनं 2020 मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. आपल्या मंडळाला ही बातमी अजून पोचायची आहे.

'पण आपला याच्याशी काय संबंध, आपण थोडेच त्यांचे मालक होतो?' हा प्रश्न विचारणाऱ्यांत मंडळाचे जुने कार्यकर्ते आहेत, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून उत्तर देते. तुम्ही मालक होतात असं मी म्हटलेलं नाही. मी तुम्हाला भाडेकरू म्हणते आहे, आणि तेवढा संबंध मला पुरतो. शिवाय दर एप्रिलमध्ये आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. नवऱ्याच्या पणजोबांच्या आईचं नाव जनगणनेत येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला जो संबंध दिसला तो वाड्यापासून गाडीनं वीस मिनिटांवर राहणाऱ्या आपल्याला दिसू नये? आणि आपल्याकडे असलं काही नव्हतं, असंही कोणी समजू नये. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे बटकींची, खरेदी-विक्री होत होती, त्याचे कागद पुण्याच्या दफ्तरात आहेत. त्यांच्या लेकीबाळींचं पुढे काय झालं हे शोधत कोणी आपल्या जुन्या वाड्यांच्या दारात उभं राहिलं, तर आपण काय उत्तर देऊ?

मी टोकाचं काही मागते आहे असं वाटत असेल तर आसपास पाहा. माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या माँटिसेलो या वाड्यावर 1993 पासून गुलामांच्या वंशजांना शोधून त्यांच्या घरातल्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम चालू आहे. उत्तर कॅरोलिनातल्या सॉमरसेट प्लेसवर डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड या बाईंनी आपले पूर्वज कागदांतून शोधले, 1986 मध्ये तिथे गुलामांच्या वंशजांचा मोठा मेळावा भरवला आणि पुढे त्याच जागेचा कारभार सांभाळला. दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या माँटपीलियरवर 2018 मध्ये वंशजांशी कसं वागावं याचे निकष ठरले. 2021 मध्ये तिथल्या संचालक मंडळानं आपल्या निम्म्या जागा वंशजांना देण्याचं मान्य केलं, 2022 च्या वसंतात शब्द फिरवला, विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना काढलं, देशभर बोंब झाली, आणि त्याच मे महिन्यात वंशजांच्या समितीनं सुचवलेली माणसं मंडळावर घ्यावी लागली. आपल्या पलीकडच्या पिट्सिल्व्हेनिया काउंटीत एका कृष्णवर्णीय गृहस्थानं 2020 मध्ये घरच्यांच्या मेळाव्यांसाठी म्हणून शार्सवुड नावाचा जुना वाडा विकत घेतला, आणि नंतर कागदांतून कळलं की त्याचेच पूर्वज तिथे गुलाम होते. आम्हाला वाडा विकत घेणं परवडणार नाही. वह्या वाचायला मिळाल्या तरी पुष्कळ.

घाई का, हेही विचारलं गेलं. लुइझियानातला नॉटोवे नावाचा 1859 चा प्रचंड वाडा, जो हॉटेल म्हणून आणि लग्नांसाठी चालत होता, मे 2025 मध्ये जळून खाक झाला. कोणाला आनंद झाला, कोणी हळहळलं, माझ्या मनात पहिल्यांदा कागद आले. एप्रिल 1865 मध्ये रिचमंडला आग लागली तेव्हा सुरक्षित राहावीत म्हणून तिथे आणून ठेवलेली काही काउंट्यांची कोर्टाची दफ्तरं जळाली. त्या काउंट्यांतल्या गुलामांच्या वंशजांना आज आमच्याइतकंही सापडत नाही. लाकडी जिन्याच्या वर, एका खोलीत, प्रत न काढलेल्या वह्या ठेवून खाली पणत्या लावायच्या, याची मला साधी व्यवहारी भीतीही वाटते.

आता मागण्या.

दिवाळी दुसरीकडे करा. शाळेचं सभागृह आपल्याला नेहमी मिळतं. तिथे खांब नाहीत, पण पंगत बसते. निमंत्रण मागे घ्या आणि का मागे घेतलं ते त्याच ग्रुपवर, त्याच ठळक अक्षरांत लिहा. जागा 'अपरिहार्य कारणामुळे' बदलली असं लिहू नका.

आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असं खजिनदार म्हणतात. मग ती बुडवूही नका. ठरलेल्या तारखेला जागा आपलीच आहे, तर ट्रस्टला कळवा की आम्हाला हिरवळ आणि कोठार नको, वरची खोली दिवसभर उघडून द्या. आपल्या मंडळात निम्मी माणसं संगणकात पोट भरतात. कॅमेरे, स्कॅनर, हार्ड डिस्क घरोघरी आहेत. मोडी वाचणारी दोघं-तिघं आहेत, त्यांना एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वळण काही जड जाणार नाही. वह्यांना हात लावण्याचे नियम असतात, ते लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या जाणकारांना विचारून पाळू. काढलेल्या प्रतींचा एक संच ट्रस्टला, एक लायब्ररीला, आणि त्यातली नावं सगळ्यांसाठी खुली. ट्रस्ट नाही म्हणालं तर ते नाही लेखी मागा आणि सभासदांना दाखवा.

मंडळाच्या लेटरहेडवर ट्रस्टला एक पत्र जावं. त्यात तीन गोष्टी असाव्यात. दफनभूमीची जमिनीखाली पाहणाऱ्या रडारनं पाहणी करून हद्द ठरवावी आणि तोवर 'पार्किंग 2' बंद ठेवावं. सहलीत तिथे राबलेल्या माणसांची जी नावं कोर्टाच्या कागदांत आधीच मिळालेली आहेत ती सांगावीत. यादी आम्ही तयार करून देतो, फुकट. आणि ट्रस्टच्या मंडळावर वंशजांना जागा द्याव्यात. आमच्या पत्रांना उत्तर न देणारी माणसं दीडशे-दोनशे लोकांचं बुकिंग करणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर देतील, असा माझा अनुभवाचा हिशेब आहे.

यापुढे कुठलीही जुनी वास्तू ठरवायच्या आधी तिथे कोणाला गुलाम म्हणून ठेवलं होतं का आणि त्यांचे कागद, त्यांच्या कबरी कोणाला पाहता येतात का, हे समितीनं लेखी विचारावं, आणि उत्तरासकट प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आणावा.

मी कोणाचा राजीनामा मागत नाही, कोणी माफी मागावी असंही म्हणत नाही. समितीतली माणसं कामाची आहेत, गणपतीत त्यांच्याच जिवावर मांडव उभा राहतो. म्हणून तर वरचं स्कॅनिंगचं काम त्यांना झेपेल असं मला वाटतं.

पुढची सर्वसाधारण सभा दिवाळीच्या आधी आहे. वरच्या प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार त्या सभेत, इतिवृत्तात नोंद होईल असा मिळावा. माझ्या सासूबाई सभेला येणार आहेत. त्यांना इंग्रजीत बोलायचं आहे, दहा मिनिटं पुरतील असं त्या म्हणतात. विषयपत्रिकेत तेवढी जागा ठेवावी, चहाच्या आधी.

कळावे,
आपली,
मंडळाची एक आजीव सभासद